कर्ण्यामागचं तोंड

सोमवार, ६ मार्च १९१६

निभावलं! आजचाही दिवस निभावला.

सकाळी रडायचा प्रसंग होता. माझ्या नवऱ्याला डाकूंनी गोळी घातली आहे (चित्रातल्या नवऱ्याला. खरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तो न्यूमोनियाने गेला). मी झोपडीच्या दारात उभी. एनॉस टकेट, म्हणजे चित्रातला आमचा शेजारी, घोड्यावरून त्याची टोपी घेऊन येतो. टोपी घ्यायची, बघत राहायचं, मग रडायचं. डायरेक्टर प्रॉथरोसाहेब शिडीवर बसून, तोंडाला कर्णा लावून सगळा वेळ ओरडत असतात — आता टोपी घे, आता वर बघ, आता फूट! चित्रात आवाज उमटत नाही, मग ओरडायला काय जातंय! बाकीची मंडळी त्या ओरडण्याबरहुकूम हलतात. मी मात्र नटांना रंग चढावा म्हणून कंपनीने ठेवलेल्या व्हायोलिनवाल्यावर नजर ठेवून होते. रडण्याची वेळ आली की तो गज लांब लांब ओढायला लागतो. त्याचा गज लांबला, मी फुटले. खरी रडले. रडायला मला वेगळं कारण लागत नाही.

प्रॉथरो शिडीवरून उतरून म्हणाले, "बाई, एक निमिष उशीर झाला, पण तो उशीरच कामाला आला." कर्णा खाली होता म्हणून कळलं. कर्णा तोंडाला लागला की त्यांचे ओठ त्याच्या आत जातात, आणि माझ्या दृष्टीने ते मुके होतात.

इथे तरी लिहून टाकते, कुठेच बोलता येत नाही — मी ठार बहिरी आहे. गेल्या वर्षी थंडीत ताप आला, डॉक्टरने क्विनीन पाजलं पाजलं पाजलं, ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. आधी नुसती घणघण, मग तीही बंद. नाटक सुटलं. स्टेजवर मागून आलेलं वाक्य ऐकू आलं नाही तर पुढचं कुठून बोलणार? पण चित्रात कोणी काय बोलतं याला काडीची किंमत नाही! ओठ वाचायला माझी मीच शिकले. समोरचा उजेडात असला, आणि तोंडात पाइप नसला, तर नव्वद टक्के कळतं. उरलेल्याला मान डोलावायची.

मान डोलावण्यात मी आता पटाईत झाले आहे.

बुधवार, ८ मार्च

वारा. डोळ्यांत, दातांत, बीन्समध्ये, सगळीकडे वाळू. कॅमेरावाला ओटो कॅमेऱ्याला गोधडी पांघरून त्याच्याशेजारी बसून राहिला. काम बंद.

शुक्रवार, १० मार्च

आज जेवणाच्या तंबूत भारी गंमत झाली. कंपनीला आलेलं एक पत्र ओटोने खांबाला टाचणीने लावलं. कुठल्या तरी मूकबधिर शाळेच्या मास्तरीणबाईंचं. लिहितात — आपल्या मागच्या चित्रात नायक आईच्या मृत्यूशय्येशी गुडघे टेकून प्रार्थना करतो, पाटीवर अक्षरं येतात 'हे प्रभो, माझ्या आईला सांभाळ', परंतु त्याचे ओठ प्रत्यक्षात जे म्हणतात ते मी या पत्रात लिहू शकत नाही. माझ्या चाळीस विद्यार्थ्यांना ते अक्षर न् अक्षर समजले. त्यांना चित्र फार आवडले. मुख्याध्यापकांना नाही.

काय हसले लोक! नायकाच्या पायावर म्हणे त्या वेळी दिव्याचा खांब पडला होता. प्रॉथरो डोळे पुसत म्हणाले, "ऐका रे सगळे. यापुढे तोंड सांभाळा! आपल्याला वाचणारी माणसं आहेत बाहेर."

मीपण हसले. ते चित्र मी सहा महिन्यांपूर्वी पाहिलं होतं, आणि मलाही अक्षर न् अक्षर कळलं होतं. मला वाटलं होतं सगळ्यांनाच कळत असेल!

सगळे उठून गेले तरी एनॉस टकेट त्या खांबाशी पत्र वाचत उभा होता. त्याला वाचायला वेळच लागतो. शाळा त्याने तिसरीत सोडली, आणि तो म्हणतो, तिसरीही त्याच्यावर उपकार म्हणून होती.

रविवार, १२ मार्च

सुट्टी. जेवणाच्या तंबूमागे पायरीवर बसून एनॉसबरोबर कॉफी घेतली. काळीकुट्ट, वर वाळूचा थर. हा माणूस मूळचा घोडेवाला. मोंटानात गुरं हाकली, मग कंपनीचे घोडे सांभाळायला आला, आणि प्रॉथरोने चेहरा बघून त्यालाच चित्रात उभं केलं. पन्नाशीला टेकला असेल. चेहरा चांगलाच आहे, पण त्यातला अर्धा मिशीने खाल्लाय. झोपडीच्या छपराची पेंढी वळचणीवरून खाली आलेली असते तशी ती वरच्या ओठावरून खालच्या ओठावर उतरलेली आहे. त्याच्या मागे काय चाललंय ते देवाला ठाऊक. बाकी कंपनी मला नव्वद टक्के कळते, हा दहा.

आज म्हटलंच मी, "मिस्टर टकेट, तुमच्या मिशीत अर्धी वाक्यं अडकून पडतात."

तो थांबला. मिशीवरून हात फिरवला. मग कप खाली ठेवून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलला, हातानेही दाखवत — म्हणून कळलं. "बाई, वीस वर्षांची आहे ही. माझ्या घोड्यापेक्षा थोरली. हिच्यावर कात्री लावायला आजवर एक वकील आणि दोन न्हावी आले. तिघेही घरी गेले."

मी हसले. कपातली कॉफी सांडली. किती दिवसांनी!

एक गोष्ट लिहून ठेवते. झोपडीच्या आतले प्रसंग घेताना जमीन फळ्यांची असते. गेल्या आठवड्यापासून माझ्या ध्यानात येतंय — प्रॉथरो कर्ण्यातून ओरडले की एनॉस बुटाची टाच आपटतो. एकदा म्हणजे थांब. दोनदा म्हणजे वळ. तळपायातून कळतं मला. आधी वाटलं, म्हाताऱ्याची सवय असेल. पण मी कॅमेऱ्यात नसते तेव्हा तो टाच आपटत नाही. बघितलंय मी.

म्हणजे याला ठाऊक आहे?

ठाऊक असून बोलला नाही? जाऊ दे. विचारायची हिंमत नाही. पण आज कितीतरी दिवसांनी एकटं वाटलं नाही.

मंगळवार, १४ मार्च

डल्सी वेन — आमची नायिका, वय एकोणीस, दिवसातून चार वेळा रुसते — आज मला म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे किती लक्ष देऊन बघता हो बोलताना! माझी आईसुद्धा इतकं ऐकत नाही." बिचारी. मला एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, १६ मार्च

संपलं सगळं.

सकाळी प्रॉथरोंनी सगळ्यांना झोपडीसमोर गोळा केलं. शनिवारच्या मोठ्या प्रसंगाची सूचना. डाकू झोपडीला वेढा घालतात, आत मी एकटी, वगैरे. कर्णा तोंडाला. पाच मिनिटं बोलले. झोपडीकडे हात केला, दोन बोटं वर केली, पुन्हा झोपडीकडे हात. दोनदा घ्यायचा असेल प्रसंग. मग कर्णा माझ्याकडे वळला. मी मान डोलावली. कर्णा वळलेलाच राहिला, मी आणखी जोरात मान डोलावली, हसलेसुद्धा. ते समाधानाने दुसरीकडे वळले.

एनॉस माझ्याकडे बघत होता. टक लावून.

दुपारी घोड्यांच्या दावणीशी बघते तर तो प्रॉथरोंशी बोलतोय. त्याची पाठ माझ्याकडे. प्रॉथरोंचं तोंड मात्र उन्हात, स्वच्छ. कर्णा काखेत. आणि ते म्हणाले —

"ऐकू येत नाही? बाईंना? अजिबात?"

एनॉसने मान हलवली. प्रॉथरोंनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणी मेल्याची बातमी द्यायला येतं तेव्हा बघतात ना, तसं.

त्याने सांगितलं. टाच आपटणाऱ्यानेच सांगितलं! बाकी कोणीही सांगितलं असतं तर चाललं असतं. ओटोने, डल्सीने, स्वयंपाक्याने! कॉफी पिताना मी या माणसासमोर हसले होते.

शुक्रवार, १७ मार्च

प्रॉथरोंनी त्यांच्या तंबूत बोलावलं. मी आत शिरले आणि त्यांनी माझ्या पाठीमागे पत्र्याचं घमेलं खाली टाकलं. मला कसं कळलं? समोर टेबलाजवळचा कुत्रा ताडकन उठला म्हणून. मी वळून पाहिलं, पण कुत्र्यानंतर. त्यांनाही तेवढं पुरलं.

माणूस वाईट नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून, तोंड उजेडात धरून बोलले. "बाई, तुम्ही मला सांगायला हवं होतं. शनिवारच्या झोपडीच्या प्रसंगात तुम्ही नाही. तुमची शाल पांघरून घोडेस्वारांतली एक पोरगी उभी करतो. निरोपाचा प्रसंग सोमवारी, तो तेवढा तुम्ही करा, चेहरा तुमचाच लागणार. नंतर मात्र —"

'नंतर मात्र' पर्यंत बघितलं. मग मी मान खाली घातली. ते पुढेही बराच वेळ काहीतरी सांगत होते, टेबलावर बोट आपटून, समजावून. पण मान खाली घातली की जगाचं तोंड बंद होतं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा आहे, तो मी घेतला.

बाहेर एनॉस दोन कप घेऊन उभा. मिशी हलायला लागली. मी तंबूच्या कापडाकडे तोंड केलं. तो फिरून पुढे आला, मी पुन्हा फिरले. तीन वेळा. लोक बघत होते, बघोत! कान असलेल्या माणसावर कोणी रागावलं तरी चार शब्द त्याच्या कानात पडतातच. मी पाहिलं नाही की विषय संपला.

शेवटी कप जमिनीवर ठेवून गेला. मी लाथ मारली कपाला.

शनिवार, १८ मार्च

सगळे खिंडीत गेलेत, झोपडीवर. मी इथे दोन मैलांवर गावात, खानावळीच्या खोलीत सामान बांधत बसले. मिनर्व्हाला पत्र टाकलं — ताई, येते. ओहायो. तिच्या स्वयंपाकघरामागची खोली. तिचे यजमान होरेस, त्यांचा बद्धकोष्ठ आणि त्यांची पवनचक्कीची योजना. मी टेबलाशी मटार सोलायचे, आणि माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलणार. प्रेमाने बोलणार. मिनर्व्हा वाईट नाही. पण अडतिसाव्या वर्षी मी एखादं कपाट होऊन बसणार, ज्याला कोणी काही विचारत नाही.

मला काम करायचं होतं. मला हे काम येत होतं! कान नसतानाही येत होतं.

दुपारी जमीन हादरली. पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली, टोक मोडलं. मालगाडी गेली असेल.

सोमवार, २० मार्च

शेवटचा दिवस. सविस्तर लिहिते, पुन्हा असा दिवस लिहायला मिळायचा नाही.

प्रसंग असा — विधवा दरी सोडून चालली आहे. कुंपणाच्या फाटकाशी शेजारी उभा. ती त्याच्यासमोरून निघते, सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते, मागे वळून बघत नाही. तो मागे फाटकाशीच उभा राहून निरोपाचं बोलतो. दोघांचीही तोंडं कॅमेऱ्याकडे, मी पुढे, तो मागे. ऐकायचं काहीच नाही. ओटो हातरुमाल हलवील तेव्हा थांबायचं. माझ्यासाठी मुद्दाम तसं ठरवलं होतं. उपकारच म्हणायचे.

आणि एनॉस टकेट मिशी काढून आला!

पूर्ण! सफाचट! डल्सी तोंडावर हात दाबून तंबूत पळाली. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच — चेहऱ्याचा खालचा भाग सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा, वरचा विटकरी. प्रॉथरो संतापाने लालबुंद. कर्णाबिर्णा फेकून दिला, त्यामुळे मला सगळं वाचता आलं —

"शनिवारी मिशी होती! शनिवारच्या प्रसंगात तू मिशीसकट पाच डाकू मारलेस! आता लोक काय म्हणतील, हा कोण? भाऊ? अरे, दोन दिवस थांबला असतास तर मी स्वतः साबण लावून दिला असता!"

एनॉस खाली मान घालून उभा.

शेवटी ओटोने मार्ग काढला. मध्ये पाटी टाका — 'एक वर्षानंतर'. वर्षभरात माणूस मिशी काढू शकतो. प्रॉथरो अर्धा तास धुसफुसले आणि कबूल झाले. म्हणजे माझी विधवा आणखी एक वर्ष त्या दरीत राहिली, एका मिशीपायी!

मला कळेना, या वयात हे काय सुचलं याला. डल्सीसाठी? असेल. पुरुषाचं काही सांगता येत नाही. मला काय करायचंय.

प्रसंग झाला. मी चालले. पायाखाली माती होती, फळ्या नव्हत्या, तरी मला दोनदा वाटलं की मागे कोणी टाच आपटतंय. दोनदा म्हणजे वळ. मी वळले नाही. वळायचं नव्हतंच, प्रसंगातही आणि मनातही. ओटो कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होता, मी त्याच्या मनगटाकडे बघत होते. फारच लांबवला त्याने. रुमाल हलवायचा विसरला की काय, असं वाटायला लागलं. शेवटी हलवला. ओटोच्या डोळ्यांत पाणी होतं. वाळूने असेल, इथे सगळ्यांच्याच असतं.

गाडीत बसले. एनॉस चाकाशी येऊन उभा राहिला. मी डोंगराकडे बघत राहिले. डोंगर चांगले होते.

शुक्रवार, ७ एप्रिल

ओहायो. मटार.

रविवार, ३० एप्रिल

ओटोचं कार्ड आलं. अक्षर मुंग्यांसारखं. 'चित्र पूर्ण झालं. साहेब तुमची आठवण काढतात. टकेटने नोकरी सोडली, तुमच्यानंतर दोन दिवसांनी. मोंटानाला भावाच्या गुरांच्या कुरणावर गेला, माइल्स सिटीच्या पुढे. पत्ता मागे लिहिलाय. तुम्ही चित्र बघा. जरूर बघा. पुढे बसा.'

पुढे बसा! डोळे नाही गेलेत माझे.

कार्ड चुलीत टाकणार होते. का कोण जाणे, टाकलं नाही.

मंगळवार, २३ मे

मिनर्व्हा आज होरेसना म्हणाली, "तिला नको सांगायला, उगीच त्रास होईल तिला." मी समोरच बसले होते! तिला अजून लक्षात येत नाही की मला तोंडं वाचता येतात. काय सांगायचं नव्हतं ते पुढे कळलं — मांजर मेलं.

मांजर माझ्याच खोलीत झोपायचं. मला सांगायला हवं होतं.

लिहिता लिहिता मनात आलं, सगळेच मला काहीतरी वाचवण्यासाठी गप्प बसतात. एकटा तो तेवढा बोलला. पण कशासाठी बोलला?

शुक्रवार, १६ जून

आमचं चित्र आलं. गावातल्या थिएटरात, दोन दिवस. मिनर्व्हा आणि होरेस मिरवत मला घेऊन गेले. "आमची लवीना!" दारात तिकीटवाल्यालासुद्धा सांगून झालं. मधल्या रांगेत बसलो. पडद्याखाली एक मुलगी पियानो वाजवत होती, तिची वेणी ठेक्यावर हलत होती.

मी रडले तेव्हा आजूबाजूच्या बायका रडल्या. अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू.

मग झोपडीचा प्रसंग. माझी शाल पांघरलेली ती पोरगी खिडकीत. डाकूंचा म्होरक्या पिस्तूल उंच धरतो, धूर निघतो — एक बार. दुसऱ्यांदा धूर — दोन. आणि ती पोरगी जिवाच्या आकांताने दारातून बाहेर धावत सुटते, पंधरा पावलं, वीस पावलं, आणि झोपडी —

झोपडी उडाली. आख्खी. फळ्या, दार, छप्पर, माझी ती बसायची खुर्ची, सगळं आभाळात. पडदा पांढरा झाला. मिनर्व्हाने माझा हात पकडला.

दोन बोटं! प्रॉथरोंची दोन बोटं! 'दोनदा घ्यायचा' नव्हे — दुसरा बार झाला की पळा. आत सुरुंगाची दारू पेरली होती. ते पाच मिनिटं तेच सांगत होते, कर्ण्यातून, आणि मी मान डोलावली होती. हसले होते! पहिला बार, दुसरा बार, मला दोन्हीही ऐकू येणार नव्हते. मी आपली खिडकीत, पाठ बाहेर करून, कोणीतरी टाच आपटेल याची वाट बघत बसले असते.

पेन्सिल घरंगळली होती. मालगाडी नव्हती ती.

त्याने सांगितलं, कारण नसतं सांगितलं तर मी आज नसते. आणि प्रॉथरोंनीही शुक्रवारी हेच समजावलं असणार, टेबलावर बोट आपटून, आणि मी शहाणीने मान खाली घातली. तो तीन वेळा फिरून माझ्यासमोर आला. तीन वेळा! मी कापडाकडे तोंड केलं. कपाला लाथ मारली.

पुढचं चित्र मला नीट दिसलंच नाही. 'एक वर्षानंतर' पाटी आली, फाटक आलं, मी चालत आले, मागे तो, गोरा ओठ हलतोय. बोलतोय, बोलतोय, बोलतोय. पण पुढच्या रांगेतल्या बाईच्या टोपीवर शहामृगाचं पीस होतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. मध्येच पाटी — 'सुखी राहा, शेजारीणबाई. ईश्वर तुमची वाट सोपी करो.' एवढं लांब तो बोलत नव्हता. एवढं तर मला कळलं. तेच तेच काहीतरी आखूड होतं.

'पुढे बसा.' ओटो, ओटो!

उद्या दुपारचा खेळ आहे. शेवटचा.

शनिवार, १७ जून

एकटीच गेले. पहिल्या रांगेत, पियानोच्या जवळ बसले. वेढा, झोपडी, सगळं डोळे मिटून काढलं. 'एक वर्षानंतर' आलं तेव्हा उघडले.

मिशीविना तोंड. उन्हात, सरळ कॅमेऱ्याकडे, प्रत्येक शब्द कोरल्यासारखा. खांबावरचं पत्र वाचत तो इतका वेळ का उभा होता, ते आज कळलं.

"लवीना, मिशी काढली. आता तरी बघा माझ्याकडे." मग पाटी. पाटी गेली, तो तिथेच — "मिशी काढली, लवीना. एकदा मागे बघा." कधी 'बाई'शिवाय हाक मारली नव्हती त्याने! ओटोने दांडा थांबवला नाही तोवर तो हेच म्हणत होता. आणि पुढे ती बया, माझी शाल, माझे बूट, नाक वर करून चालली आहे. दगड! वळायला नको?

मी उभी राहून ओरडले, "अगं, वळ की! वळ!"

किती मोठ्याने ओरडले ते मला कसं कळणार? पियानोवाल्या मुलीचे हात हवेत थांबले, तेव्हा समजलं.

घरी येऊन ओटोचं कार्ड काढलं, पत्ता पाठ केला. मिनर्व्हाला म्हटलं, मटार आता तूच सोल. माइल्स सिटीची गाडी सकाळी सात चाळीसला आहे.